न खेळता दिलेले मत

बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षे मी इतरांच्या मालाचे मोल ठरविण्यात घालविली. सांगलीला असताना तारण ठेवलेल्या हळदीची तपासणी हे माझे महिन्याचे ठरलेले काम असे. गोदामाचे कुलूप काढावयाचे, पोत्यांची मोजणी करावयाची, मधल्या थरातील एखादे पोते उघडून हळकुंड मोडून आतला रंग पाहावयाचा आणि मगच अहवालावर सही करावयाची. माल डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्याच्याविषयी मत देऊ नये, हा माझ्या पहिल्या वरिष्ठांनी दिलेला पहिला धडा. तो मी नोकरीभर पाळला, असे मला वाटत होते. गेल्या महिन्यात ध्यानात आले, की एकदा तो मी मोडला होता, आणि तोही घरच्याच माणसाच्या बाबतीत.

झाले असे, की दिवाळीनंतर पुण्याहून मेहुण्यांचा फोन आला. त्यांचे कापडाचे दुकान आहे. तिसरी पिढी आता गल्ल्यावर बसते. धाकटा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मात्र त्या गल्ल्यावर कधी बसला नाही. कॅम्पात एका लहानशा गाळ्यात त्याचे व्हिडिओ गेमचे दुकान आहे. गेमच्या सीडी, कन्सोल, रिमोट, जुन्या सीडींची अदलाबदल आणि दुरुस्ती असा त्याचा व्यवहार. मेहुणे म्हणाले, "भाऊसाहेब, गाळ्याचा करार मार्चमध्ये संपतो. नवा करार करायचा की दुकान आवरायचे, हे त्याला कळत नाही. तुम्ही बँकेतले. त्याच्या वह्या बघा आणि त्याला समजावून सांगा, की हे आता बंद कर." कोणता निर्णय सांगावयाचा हे आधीच ठरवून मला तपासणीस बोलाविले जात होते. तरीही मी गेलो, कारण फोन ठेवल्यानंतर बहिणीचा स्वतंत्र फोन आला. ती एवढेच म्हणाली, "तू स्वतः बघ आणि मग काय ते सांग."

तीन दिवस मी त्या दुकानात बसलो. पहिला दिवस वह्यांमध्ये गेला. नव्या सीलबंद सीडीवर नफा जेमतेम सुटतो. मोठ्या कंपनीचा नवा गेम चार-पाच हजार रुपयांना विकला जातो. त्यात वितरकाचा आणि कराचा भाग वजा जाता दुकानदाराच्या हाती फारसे काही उरत नाही. खरी कमाई जुन्या सीडींच्या अदलाबदलीत आणि दुरुस्तीत आहे. मात्र नव्या सीडीची विक्री दरवर्षी उतरते आहे, आणि आज नवी सीडी विकली गेली नाही तर दोन वर्षांनी जुनी कोठून येणार? खतावणी एवढे स्पष्टपणे सांगत होती. उरलेले दोन दिवस मी भाच्याला बोलते केले, आणि या सदराचा आजचा मजकूर म्हणजे बहुतांशी त्याचीच मते आहेत. तो वयाच्या आठव्या वर्षापासून खेळतो आहे. त्याने मला जे सांगितले ते व्यापारी घरांतील वाचकांना उपयोगी पडेल, अशी माझी खात्री आहे.

आरंभी एक खुलासा करतो, कारण हा घोळ आमच्या मेहुण्यांच्याही मनात होता. पैसे लावून हरण्या-जिंकण्याचे जे ऑनलाइन खेळ आहेत, ते हे नव्हेत. तशा खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ यांना त्यांपासून वेगळे काढले आहे. भाच्याच्या दुकानातील माल दुसऱ्या जातीचा आहे. त्यात गिऱ्हाईक एकदा किंमत मोजते, आणि मोबदल्यात काही तासांची करमणूक, कथा किंवा कसरत मिळवते.

मी त्याला विचारले, "तुझ्या धंद्यातली सर्वांत मोठी जोखीम कोणती?" तो म्हणाला, "मामा, हा न पाहता घ्यायचा माल आहे. हळकुंड मोडून बघता येते. सीडीचे सील फोडले की ती जुनी झाली. म्हणून आमचा सगळा धंदा दुसऱ्याच्या शब्दावर चालतो. कंपनीचा शब्द, समीक्षकाचा शब्द आणि दुकानदाराचा शब्द." या तीन शब्दांची पत कशी वाढली आणि कशी बुडाली, याचा इतिहास मग त्याने मला सांगितला.

कंपनीच्या शब्दाची गोष्ट अमेरिकेतली आहे. १९८० च्या सुमारास तेथे घरोघरी टीव्हीला जोडावयाच्या खेळांची लाट आली. अटारी ही त्यातली अग्रगण्य कंपनी. खप एवढा, की जो तो गेमच्या कॅसेट काढू लागला. कोणाचा माल कसा हे पाहण्यास कोणालाही सवड नव्हती. १९८२ मध्ये 'ई.टी.' या गाजलेल्या चित्रपटावरून अटारीने गेम काढला. नाताळच्या हंगामात माल बाजारात हवा, म्हणून तो रचणाऱ्याला जेमतेम पाच आठवड्यांची मुदत मिळाली. चित्रपटाच्या नावावर लाखो कॅसेट तयार झाल्या आणि मोठ्या संख्येने परत आल्या. दुकानदारांकडे न खपलेल्या मालाचे ढीग साचले, पस्तीस डॉलरच्या कॅसेट पाच डॉलरला काढाव्या लागल्या, आणि ज्या कंपन्यांकडे माल परत पाठवावयाचा त्यांतील कित्येक तोवर बुडाल्या होत्या. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये अटारीने आपला न खपलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरून टाकला. कित्येकांना ही दंतकथा वाटे. पण २०१४ मध्ये तेथे उत्खनन झाले आणि त्या कॅसेट खरोखरच बाहेर निघाल्या. अमेरिकेतील या धंद्याची वर्षाची उलाढाल १९८३ मधील सुमारे तीन अब्ज डॉलरवरून दोन वर्षांत सुमारे दहा कोटींवर आली, असे सांगितले जाते. बँकेत आम्ही ज्याला हंगामी फुगवटा म्हणत असू, त्याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

ही बुडालेली पत सावरली ती जपानच्या निन्टेन्डो या कंपनीने. ही मूळची क्योटोची, १८८९ मध्ये हाताने रंगविलेले पत्ते करण्यासाठी निघालेली पेढी. १९८५ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या दुकानांतून आपला कन्सोल विकावयास काढला, तेव्हा दुकानदार 'व्हिडिओ गेम' हा शब्दही ऐकून घेईनात. कंपनीने त्यांना सांगितले, की माल आम्ही आणून मांडतो. नव्वद दिवसांनी जेवढा खपला असेल तेवढ्याचेच पैसे द्या, उरलेला आम्ही परत नेऊ. शिवाय आपल्या कन्सोलसाठी गेम काढणाऱ्या प्रत्येक कंपनीला तिने वर्षाला पाचच गेमची मर्यादा घातली आणि मान्य झालेल्या मालावर आपली सोनेरी मोहर उमटविली. त्या मोहरेने प्रत्येक गेम चांगला निघत असे, असे नाही. परंतु वाईट मालाचा पूर थांबला आणि दुकानदाराची भीती गेली. "माल परत घेण्याची तयारी ही सगळ्यात मोठी जाहिरात, मामा," भाचा म्हणाला. माझ्या मेहुण्यांच्या वडिलांचे कापडाविषयी नेमके हेच म्हणणे असे. ते मी त्याला सांगितले. त्याला ते ठाऊक नव्हते.

दुसरा शब्द समीक्षकाचा. जपानमध्ये 'फामित्सु' नावाचे साप्ताहिक आहे. त्यात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि चाळिसांपैकी बेरीज छापली जाते. एकाच्या आवडीनिवडीने निकाल लागू नये, हा त्यामागील हेतू. पूर्ण चाळीस गुण प्रथम मिळाले ते १९९८ मध्ये, 'झेल्डा' मालिकेतील एका गेमला. पुढे २००१ मध्ये 'मेटाक्रिटिक' निघाले. जगभरच्या परीक्षणांतील गुणांची सरासरी काढून ते शंभरपैकी एक आकडा देते. आकडा आला, की माणसे मजकूर वाचणे सोडतात, हा अनुभव आम्हां बँकवाल्यांना नवा नाही. परंतु या आकड्यावर किती काही अवलंबून राहू लागले ते पाहा. २०१० मध्ये निघालेला 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा गेम ज्या स्टुडिओने रचला, त्याला सरासरी ८५ आली तर जादा रक्कम मिळावयाची होती. सरासरी आली ८४, आणि ती रक्कम हुकली. ही गोष्ट त्या स्टुडिओच्याच एका प्रमुख व्यक्तीने दोन वर्षांनी जाहीरपणे सांगितली. एका गुणाने कर्मचाऱ्यांच्या हातचे पैसे जावेत, एवढा तो गुण अचूक असतो काय, हा प्रश्न भाच्याने मला विचारला. माझ्यापाशी उत्तर नव्हते. मीही एके काळी अर्जदारांना गुण देत असे, आणि कट-ऑफच्या एक गुण खाली राहिलेल्यांची नावे मला आता आठवतही नाहीत.

समीक्षकाची पत आणखी एका मार्गाने जाते. 'गेमस्पॉट' या नावाजलेल्या संकेतस्थळावर २००७ मध्ये एका समीक्षकाने 'केन अँड लिंच' या गेमला दहापैकी सहा गुण दिले. त्याच गेमच्या जाहिराती त्या वेळी त्या संकेतस्थळावर ठळकपणे झळकत होत्या. काही दिवसांतच समीक्षकाला नोकरीवरून काढण्यात आले. जाहिरातदाराच्या नाराजीमुळे व्यवस्थापनाने हा निर्णय घेतल्याचे त्याने २०१२ मध्ये उघडपणे सांगितले. तेव्हापासून कोणतेही परीक्षण वाचताना भाचा आधी पान किंवा पडदा नीट पाहतो, की शेजारी जाहिरात कोणाची आहे. हिशेब तपासनिसाचे वेतन ज्याची वही तपासावयाची तोच देत असेल, तर त्या अहवालाचे मोल काय, हे व्यापाऱ्याच्या घरात वेगळे सांगावयास नको.

यावर त्याने स्वतःसाठी काही नियम केले आहेत. नवा गेम बाजारात आल्यावर तो पंधरा दिवस थांबतो. सर्वांत अधिक गुण देणारे एक परीक्षण आणि सर्वांत कमी गुण देणारी दोन परीक्षणे तो वाचतो, कारण कमी गुण देणाऱ्याला कारणे सांगावी लागतात. 'स्टीम' या संगणकावरील गेमच्या दुकानात ज्याच्या खात्यावर गेम आहे त्यालाच मत नोंदविता येते, आणि मताशेजारी त्याने तो किती तास खेळला हे छापलेले असते. तो आकडा त्याला गुणांहून महत्त्वाचा वाटतो. "वीस मिनिटे खेळून 'भिकार' म्हणणारा आणि साठ तास खेळून 'कंटाळा आला' म्हणणारा, या दोघांचे मत सारखे कसे?" असे तो विचारतो.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला. भारतीय पुराणकथा आणि चित्रकला यांवर उभा केलेला, परदेशांतही नावाजला गेलेला. मी अभिमानाने विचारले, "याला तर तू पैकीच्या पैकी गुण देत असशील?" तो म्हणाला, "चित्रे आणि महाल अप्रतिम आहेत. लढाई थोडी कच्ची वाटते आणि खेळ लवकर संपतो. गिऱ्हाइकाला मी दोन्ही सांगतो. आपल्या गावचा म्हणून एक गुण वाढवला, तर माझ्या बाकीच्या मतांना किंमत उरणार नाही."

हे ऐकताना मला काही जुने आठवले; ते शेवटी सांगतो.

तिसरा शब्द दुकानदाराचा. त्या दुपारी माझ्यासमोरच एक बाई अकरा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाने मारामारीच्या एका प्रसिद्ध गेमचे नाव घेतले. भाच्याने खोके बाईंच्या हाती दिले आणि कोपऱ्यातील १८ हा आकडा दाखविला. युरोपातील मानकाप्रमाणे गेमच्या खोक्यावर ३, ७, १२, १६ किंवा १८ यांपैकी एक आकडा असतो. तो खेळ किती अवघड आहे हे सांगत नाही, किमान कोणत्या वयाला योग्य आहे एवढे सांगतो. बाईंना हे ठाऊक नव्हते. कित्येक आईवडिलांना तो आकडा म्हणजे पातळीचा क्रमांक वाटतो. मुलगा रुसला, बाई मोटारशर्यतीची एक जुनी सीडी घेऊन गेल्या. साडेचार हजारांची विक्री नऊशेवर आली. मेहुण्यांची तक्रार हीच, की "हा आलेले गिऱ्हाईक परत लावतो." वहीत मी नंतर पाहिले. त्या बाईंसारखी कुटुंबे तेथे पाच-पाच, सात-सात वर्षे येत आहेत.

परंतु या दुकानदारापुढे आता असा प्रतिस्पर्धी उभा आहे, ज्याला गाळा लागत नाही. 'स्टीम' हे दुकान २००३ मध्ये निघाले. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल, तर कारण न विचारता पैसे परत, असा नियम त्याने २०१५ मध्ये केला. हा निव्वळ उदारपणा नव्हता. पैसे परत देण्याच्या प्रश्नावरून ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने आधीच्या वर्षी त्या कंपनीला न्यायालयात खेचले होते, आणि २०१६ मध्ये तिला तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. तरीही नियम ग्राहकाच्या हिताचा आहे आणि तो आपल्याला देणे परवडत नाही, हे भाचा मोकळेपणाने मान्य करतो.

त्याचा आक्षेप निराळ्या गोष्टीला आहे. तेथे जे विकले जाते ती वस्तू नसते, वापरण्याचा परवाना असतो. सीडी तुमची असते. ती मित्राला द्या, विका, वीस वर्षांनी पुन्हा लावा. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही, वारसालाही देता येत नाही. 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा गेम २०१४ मध्ये निघाला. त्याला कंपनीचा सर्व्हर लागे. २०२४ च्या मार्चअखेर कंपनीने सर्व्हर बंद केला, तेव्हा पैसे मोजून घेतलेला गेम सर्वांच्याच घरी बंद पडला. ज्यांनी सीडी घेतली होती त्यांच्याही. म्हणजे सीडी असणे पुरेसे नाही, आत काय आहे हेही पाहावे लागते. या प्रकरणातून युरोपात ग्राहकांची मोठी चळवळ उभी राहिली आणि तिच्या मागणीपत्रावर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे अशा मालाला, तो केवळ परवाना आहे हे स्पष्ट न सांगता, 'खरेदी' हा शब्द वापरता येत नाही. भाडेपट्टा आणि खरेदीखत यांतील फरक आपल्या घरांत लहान मुलालाही कळतो; येथे मात्र आपण सारे भाडेपट्ट्यावर सही करून खरेदीखताचे पैसे मोजत आहोत.

याचे आणखी एक उदाहरण त्याने दिले. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ मध्ये आला तो दोन प्रकारांत. सीडी लावण्याची सोय असलेला ४९,९९० रुपयांना, आणि ती सोय नसलेला ३९,९९० रुपयांना. दहा हजारांची बचत पाहून पुष्कळांनी दुसरा घेतला. पण सीडीची सोय नाही, म्हणजे जुना माल घेता येत नाही, आपला विकता येत नाही, आणि खरेदी मुख्यतः कंपनीच्याच दुकानातून. "दुकानदार एकच उरला की भाव कोण ठरवतो, हे तुम्हीच मला शिकवलेत," असे तो म्हणाला. अमेरिकेतील गेमस्टॉप ही शेकडो-हजारो शाखांची साखळी याच जुन्या सीडींच्या अदलाबदलीवर मोठी झाली आणि याच बदलाने खंगली. आपल्यापैकी अनेकांना ती ठाऊक आहे ती २०२१ च्या जानेवारीतील तिच्या शेअरच्या अचाट उसळीमुळे. भाव आकाशाला भिडला तरी दुकानातील गर्दी वाढली नव्हती, ही त्यातली बोधाची बाजू.

गेलेली पत परत मिळते काय, असे मी त्याला विचारले. त्याने 'नो मॅन्स स्काय'चे नाव घेतले. इंग्लंडमधील एका लहान स्टुडिओने २०१६ मध्ये अफाट आश्वासने देऊन हा गेम काढला आणि त्यांतील कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्याच. ग्राहक खवळले. स्टुडिओने फारसे न बोलता कामाला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षे भर घालत गेला. त्या सुधारणांसाठी जुन्या ग्राहकाकडून एक पैसाही घेतला नाही. २०२४ मध्ये स्टीमवरील त्याच्या एकूण मतांचा कौल 'अतिशय अनुकूल' या श्रेणीपर्यंत पोहोचला. आठ वर्षे लागली. थकीत खाते हप्त्याहप्त्याने नियमित करणारे असे कर्जदार मी नोकरीत फार थोडे पाहिले. जे पाहिले, त्यांना मी कधी विसरलो नाही.

आता ते जुने सांगतो. २०११ मध्ये हा भाचा बी.कॉम. होऊन दुकानासाठी कर्ज मागावयास आमच्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत गेला होता. नातेवाइकाच्या अर्जात मी लक्ष घालणे नियमाविरुद्ध होते आणि मी घातलेही नाही. पण तेथील व्यवस्थापक माझे जुने सहकारी. त्यांनी सहज फोनवर विचारले, "मुलगा ओळखीचा आहे ना? धंदा कसा वाटतो?" मी म्हणालो, "मुलगा सरळ आहे. धंदा म्हणजे पोरखेळ." दोघेही हसलो. अर्ज नामंजूर झाला. बहिणीने आपल्या बांगड्या तारण ठेवल्या आणि पाडव्याला दुकान उघडले. बांगड्या साडेतीन वर्षांत सुटल्या. माझे ते वाक्य मी कोणाला सांगितले नव्हते. खरे तर विसरलो होतो. 'राजी'विषयीचे त्याचे बोलणे ऐकताना ते आठवले. त्याने आपल्या गावच्या गेमलाही खेळून पाहिल्यावाचून गुण दिला नव्हता, आणि मी माझ्या भाच्याच्या धंद्याला न पाहता शून्य दिले होते.

तिसऱ्या दिवशी दुकान बंद करताना मी त्याला ते सांगितले. तो शटर ओढत होता. म्हणाला, "मला ठाऊक आहे, मामा. त्या साहेबांनीच तेव्हा आईला सांगितले होते." चौदा वर्षे माझी बहीण आणि हा मुलगा दोघेही हे जाणून होते आणि दर भाऊबिजेला माझ्या ताटात वाढत होते. मला काय बोलावे सुचेना. कुलूप लावून झाल्यावर तोच पुढे म्हणाला, "नकार कदाचित बरोबरही असेल. माझ्याकडे तेव्हा काय होते? पण तुम्ही दुकानात येऊन नाही म्हणाला असतात, तर मला चालले असते."

त्या रात्री मी दोन पानांचा अहवाल लिहिला. या वेळी माल पाहून. नव्या सीडींचा साठा निम्म्यावर आणावा. उधारीवर माल उचलू नये. दुरुस्ती आणि जुन्या मालाची अदलाबदल हाच धंदा धरून अर्ध्या आकाराचा गाळा पाहावा आणि करार अकराच महिन्यांचा करावा. पुढील दिवाळीपर्यंत दुरुस्तीच्या उत्पन्नातून भाडे सुटले नाही, तर मात्र खंत न करता दुकान आवरावे. त्याला ते पटले. शेवटचे कलम वाचताना तो थोडा थांबला, पण त्याने ते खोडले नाही. दुकान टिकेलच असे मी लिहिलेले नाही, कारण वही तसे सांगत नाही.

आपल्या घरांतून मुले गेम मागतील तेव्हा, वाचकहो, खोक्यावरील वयाचा आकडा पाहा, घाईने आगाऊ पैसे भरू नका, आपण वस्तू घेतो आहोत की परवाना हे विचारा, आणि परीक्षण लिहिणाऱ्याचे पोट कशावर चालते हेही पाहा. पण त्याआधी एकदा मुलाशेजारी तासभर बसा आणि तो काय खेळतो ते पाहा. नाही म्हणावयाचे असेल तर त्यानंतर म्हणा.

मेहुण्यांना मी अहवाल पाठविला नाही. तो भाच्यापाशी आहे. त्यांना एवढेच कळविले, की निर्णय तुमच्या घरचा आहे, परंतु आधी तीन दिवस त्याच्या गल्ल्यावर बसा. बहिणीचा परवा फोन आला होता. एक दिवस बसून झाला आहे. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला रिमोट विकत न देता भाच्याने जुनाच दुरुस्त करून दिला, तेव्हा मेहुणे काही बोलले नाहीत. पावती मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने फाडून दिली.